पायाखालचे पाणी

मे महिन्याची सुट्टी लागली की महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर संध्याकाळी जत्रा भरते. भाजलेल्या कणसांचा वास, स्ट्रॉबेरीवाल्यांच्या हाका, घोड्यांच्या टापा आणि बोटिंगच्या तिकिटाची लांबलचक रांग. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये हे तळे बांधून घेतले, तेव्हा पुढे कधी इथे माणसे पायांनी बोट चालवतील अशी कल्पना त्यांना असण्याचे कारण नव्हते. ठाण्याच्या मासुंदा तलावापासून गावोगावच्या नव्याने सुशोभित केलेल्या तळ्यांपर्यंत आज पायडल बोट दिसते. कुठे तिला राजहंसाची मान असते, कुठे बदकाची चोच, कुठे नुसतेच रंगीत छत.

या बोटीची ओढ मुलांना वाटते तितकीच बाबांनाही वाटते. कारण सोपे आहे. वल्ह्याच्या होडीत नावाडी बरोबर असतो आणि आपण पाहुण्यासारखे बसून राहतो. पायडल बोटीत नावाडी आपणच! सायकल येते ना, मग झाले. दोन पायडल, मध्ये सुकाणूचा दांडा, चला. पण नेमकी इथेच गफलत होते. सायकलला ब्रेक असतो, दमले की उतरता येते, हातात धरून चालत नेता येते. बोटीला यातले काहीच नाही. धक्का सोडल्यावर कुटुंबप्रमुख त्या बोटीचा कप्तान होतो आणि बहुतेक वेळा ही बढती मिळाल्याचे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

म्हणून एक गोष्ट मनात पक्की धरावी. पायडल बोटीची सुरक्षितता पाण्यात ठरत नाही, ती जमिनीवर ठरते. कोण कुठे बसणार, जॅकेट कसे बांधणार, वारा कुठून येतो, बोट टेम्पोत कशी कसणार, हे सारे निर्णय पाय कोरडे असतानाच घ्यायचे असतात. एकदा पाण्यात गेल्यावर घेण्यासारखे निर्णय फार थोडे उरतात.

राजहंसाची कुळकथा

पायांनी बोट चालवण्याची कल्पना जुनी आहे. पंधराव्या शतकातल्या लिओनार्दो दा विंचीच्या चित्रवह्यांत पायांनी पावट्या दाबून बाजूची चाके फिरवणाऱ्या बोटीचे रेखाटन आहे. राजहंस आला तो अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात. रॉबर्ट पॅजेट नावाच्या बोटवाल्याने १८७७ मध्ये तिथल्या सार्वजनिक बागेतल्या तळ्यात पायडलने चालणारी बोट सोडली. पाय मारणारा चालक आणि पात्यांचे चाक झाकायला काहीतरी आडोसा हवा होता. वॅग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ या संगीतिकेतला वीर राजहंसाने ओढलेल्या नावेतून येतो. त्यावरून पॅजेटला हंस सुचला. वर्षभरातच पॅजेट वारला, पण त्याची पत्नी ज्युलिया हिने धंदा नेटाने सांभाळला.

जपानमध्ये टोकियोच्या इनोकाशिरा बागेतल्या तळ्यावरही हंसबोटींची गर्दी असते. तिथे एक लोकसमजूत आहे, की या तळ्यात प्रेमिकांनी बोटीतून फेरी मारली तर त्यांची जोडी फुटते. कारण काठावरच्या देवळातली बेन्झाइतेन देवी मत्सर करते! ही बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच. बौद्ध धर्माबरोबर ती जपानात गेली आणि तिथे पाण्याकाठी स्थिरावली.

आणि या बोटीचा पराक्रम पाहायचा तर मुंबईपासूनच पाहता येतो. जेसन लुईस या इंग्रज तरुणाने केवळ मानवी बळावर पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच्या लाकडी पायडल बोटीचे नाव होते ‘मोक्ष’. एका साथीदारासह १९९४-९५ मध्ये त्याने पोर्तुगालपासून अमेरिकेपर्यंत अटलांटिक महासागर १११ दिवसांत ओलांडला. पुढे २००७ मध्ये ‘मोक्ष’ मुंबईहून निघाली आणि अरबी समुद्र पार करून आफ्रिकेतल्या जिबूतीला पोहोचली. म्हणजे पायडल बोट दुबळी असते असे नाही. पण ‘मोक्ष’ समुद्रासाठी बांधलेली होती, पाण्याखालच्या पंख्यावर चालत होती आणि तिचा चालक वर्षानुवर्षे तयारी केलेला होता. तळ्यातली हंसबोट तळ्यासाठीच असते. तिला खाडीत, वाहत्या नदीत किंवा समुद्रकिनाऱ्याच्या लाटांत नेणे म्हणजे घरातली चप्पल घालून हरिश्चंद्रगड चढायला जाण्यासारखे आहे.

इंजिन म्हणजे आपण

धडधाकट पण सराव नसलेला माणूस तासभर पायडल मारत राहिला तर सरासरी ७५ ते १०० वॅट शक्ती देऊ शकतो. स्वयंपाकघरातला मिक्सर ५०० वॅटचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या ‘इंजिना’ची ताकद कळते. त्यातलाही बराच भाग पात्यांचे चाक पाणी उडवण्यात वाया घालवते. म्हणून पायडल बोट चालते ती माणसाच्या चालीने, ताशी चार-पाच किलोमीटर.

आता वाऱ्याचा विचार करू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. हंसाची उंच मान, छत आणि बसलेली चार माणसे मिळून वाऱ्यासाठी छानसे शीडच तयार होते. ताशी वीस किलोमीटरचा वारा समोरून आला, तर दोन साधी माणसे घाम गाळूनही बोट जेमतेम जागेवर ठेवू शकतात. गंमत अशी, की हाच वारा पाठीशी असताना कळतच नाही. बोट हलकी चालते, मुले खिदळतात, पलीकडचा काठ दहा मिनिटांत येतो. परत वळल्यावर मात्र तेच अंतर संपता संपत नाही.

यावर उपाय साधा आहे. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणून सोडतो. धक्क्यावरचे झेंडे, झाडांचे शेंडे, पाण्यावरच्या सुरकुत्या पाहून वारा कळतो. पाण्यावर पांढरा फेस उठू लागला असेल तर त्या दिवशी कणीस खावे आणि काठावर बसावे.

आसने किती, माणसे किती

पाणी हिशेबाला पक्के असते. एक किलो वजन उचलायला ते बरोबर एक लिटर जागा मागते. बोटीचा पाण्याला टेकलेला भाग समजा दोन चौरस मीटर आहे, तर दर शंभर किलो वजनाला ती पाच सेंटिमीटर खाली बसते. चार मोठी माणसे बसली की चौदा-पंधरा सेंटिमीटर गेले. ‘अहो, लहान तर आहे, मांडीवर बसेल’ म्हणून आणखी दोघांना घेतले, की काठ आणि पाणी यांच्यातले अंतर बोटांवर मोजण्याइतके उरते. मग एखाद्या मोटारबोटीची लाटही पुरते.

वजन किती याइतकेच ते कुठे, हेही महत्त्वाचे. पायडल बोट सहसा रुंद किंवा दोन तरंगत्या पोकळ्यांवर उभी असते, त्यामुळे सगळे बसलेले असताना ती स्थिर असते. मंडळी फोटोसाठी उभी राहून एका बाजूला सरकली की ती स्थिरता संपते. २०१७ च्या जुलैत नागपूरजवळच्या वेणा धरणात होडी उलटून आठ तरुण बुडाले. होडीत त्यांचे मोबाइलवर छायाचित्रण चालू होते. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका गेल्या. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुले होती आणि कित्येकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. या काही पायडल बोटी नव्हत्या. पण जादा माणसे, एका बाजूचे वजन आणि नसलेली जॅकेटे ही कारणे बोटीचा प्रकार पाहून येत नाहीत.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये नौका-सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. क्षमतेपेक्षा जास्त माणसे न घेणे आणि जीवरक्षक साधने ठेवणे हा त्यांचा गाभा. पण धक्क्यावर दर वेळी अधिकारी उभा नसतो. ‘पाचवा दुसऱ्या बोटीतून येईल’ हे वाक्य घरातल्याच कुणीतरी बोलावे लागते.

जॅकेट सीटवर नाही, अंगावर

लाइफ जॅकेट म्हणजे काय करते? माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याइतकेच जड असते. फुप्फुसांत हवा असताना ते जवळजवळ तरंगते. अडचण असते ती डोक्याची. पाण्यावर राहायला हवा असलेला हा चार-पाच किलोचा गोळाच आपल्याला खाली ढकलतो. जॅकेट तेवढाच आधार देते. म्हणूनच ५० न्यूटनचे, म्हणजे सुमारे पाच किलो उचलणारे साधन पोहता येणाऱ्यासाठी ठीक. पोहता न येणाऱ्याला १०० न्यूटनचे लाइफ जॅकेट हवे. हा आकडा बहुधा आतल्या लेबलवर छापलेला असतो.

घालून पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. सगळे पट्टे बांधून झाल्यावर मुलाच्या जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर ओढावे. जॅकेट हनुवटीच्या, कानांच्या वर सरकले तर ते ढिले आहे. पाण्यात जॅकेट वर तरंगेल आणि मूल त्यातून खाली निसटेल. मोठ्यांचे जॅकेट लहानाला घालणे हा असाच धोका. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून येणारा पट्टा असावा आणि तो बांधावा. शिवण उसवलेली, बक्कल तुटलेले, आतला फोम चुरगळून भुसा झालेला अशी जॅकेटे निमूटपणे परत करून दुसरे मागावे. कळकट जॅकेटचा वास येतो ही तक्रार खरी आहे. पण ती घरी परतल्यावर करता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभर सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतली जवळपास निम्मी २९ वर्षांखालची होती. या आकड्यांत तुमच्या-आमच्या सहलीही असतात.

दोन दगडांवर पाय

बोटीत शिरताना आणि उतरताना तोल जाण्याची भीती सर्वांत जास्त असते. एक पाय धक्क्यावर, एक बोटीत आणि बोट हळूहळू दूर सरकते आहे! दोन दगडांवर पाय ठेवू नये ही म्हण करणाऱ्याने बहुधा धक्क्यावरच ही शहाणीव कमावली असावी. बोटवाल्याने बोट धक्क्याला घट्ट धरलेली असावी. एका वेळी एकानेच, वाकून, बोटीच्या मध्यभागी पाय ठेवावा आणि लगेच बसावे. आधी एक मोठे माणूस, मग मुले, शेवटी दुसरे मोठे माणूस. उतरताना क्रम उलटा.

पायडलपाशी फिरते दांडे असतात, म्हणून साडीचा पदर खोचलेला, ओढणी गाठ मारून घेतलेली, बुटाच्या नाड्या बांधलेल्या असाव्यात. पाण्यातली वनस्पती चाकात अडकली तर पायडल थांबवूनच ती काढायची. कुणी हात घालत असताना दुसऱ्याने पाय हलवायचे नाहीत. मुलांनी बोटे पाण्यात सोडायची ती चाकापासून लांब.

आणि आकाशावर डोळा असावा. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर ढग दाटतात आणि पाऊस यायच्या आधी वावटळीसारखा वारा सुटतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी धरणाच्या पाण्यात कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान अशाच वाऱ्यात बोट उलटून सहा जण बुडाले. ती रोजच्या ये-जा करणाऱ्यांची वाट होती, हौशी सहल नव्हती. पहिला गडगडाट ऐकू आला की सरळ काठाला यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरू नये.

धरणाच्या जलाशयात आणखी थोडी खबरदारी हवी. तिथे काठापासून दोन पावलांवर एकदम खोली सुरू होते, तळाशी गाळ आणि जुन्या झाडांचे बुंधे असतात. दरवाजे आणि सांडव्याकडे तर बोट वळवूच नये.

कुणी पडलेच तर

सिनेमात बुडणारा माणूस हात वर करून ओरडतो. प्रत्यक्षात तो बहुधा ओरडत नाही, कारण तोंड पाण्यावर असेल त्या क्षणी तो फक्त श्वास घेत असतो. त्यामुळे मागे बसलेले पोर ‘गप्प’ झाले तर वळून पाहावे. कुणी पाण्यात पडले तर पहिले काम पायडल थांबवणे. मग दोरी, जॅकेट, ओढणी, रिकामी बंद बाटली, हाताला लागेल ते त्याच्याकडे फेकावे. पोहता येत नसताना उडी मारली की एकाच्या जागी दोघांना वाचवावे लागते. पडलेल्याला वर घ्यायचे तर मागच्या बाजूने, आणि बाकीच्यांनी वजन पुढे ठेवावे. बोट उलटली तरी तिला धरून राहावे. चांगली बोट उलटी होऊनही तरंगते आणि लांबून दिसते. काठ जवळ वाटतो, पण पाण्यात अंतर फसवते.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याचे पोट दाबून पाणी काढण्यात किंवा त्याला उलटे टांगण्यात वेळ घालवू नये. तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करावे, तीस दाब आणि दोन श्वास या प्रमाणात, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला डॉक्टरकडे न्यावेच.

राजहंस टेम्पोत

पायडल बोट आता केवळ बोट क्लबांपुरती राहिलेली नाही. पवना-मुळशीच्या काठची फार्महाऊसे, शेततळ्याकाठची कृषी पर्यटन केंद्रे, हंगाम संपल्यावर बोटी हलवणारे ठेकेदार, असे अनेक जण ती रस्त्यावरून नेतात. आणि पाण्यातल्या सभ्य हंसाचा रस्त्यावर एकदम पतंग होतो.

चार आसनी बोटीचे वजन शंभर किलोच्या पुढे सहज जाते. त्यात पोकळीत साठलेले पाणी धरलेले नसते. बूच काढून ते आधी पूर्ण निथळू द्यावे. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, तेही वळणावर इकडून तिकडे धावणारे. उचलायला चार माणसे घ्यावीत आणि धरायचे ते बोटीच्या मूळ सांगाड्याला. छताचे खांब, हंसाची मान, सुकाणूचा दांडा ही धरायची जागा नव्हे. सुटे होणारे सगळे, म्हणजे छत, सुकाणू, जॅकेटे, आधी वेगळे काढून बांधावे.

टेम्पोच्या फळीवर जुने टायर किंवा भरलेली पोती घालून त्यावर बोट टेकवावी. फायबरच्या बोटीला खडबडीत रस्त्यावर एकाच जागी दणके बसले तर केसासारखी बारीक चीर पडते आणि ती कळते थेट तळ्याच्या मध्यभागी. कसायला रुंद, कसणीचे पट्टे उत्तम. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, काथ्याचा दोर भिजून सुकला की ढिला पडतो. आडवे दोन पट्टे, शिवाय पुढे एक आणि मागे एक बांधणी हवी, कारण घाटात ब्रेक लागला की बोटीला पुढेच जायचे असते. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सगळ्या गाठी पुन्हा तपासाव्यात. बोटीत माणूस बसवून न्यायचा नाही, ‘धरून ठेवायला’ म्हणूनसुद्धा नाही.

बोट टेम्पोच्या फाळक्याबाहेर लोंबत असेल तर मोठी गाडी करावी. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीबाहेर आलेल्या मालाला २० हजार रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा विचार करावा. अंधारात त्याला ते टोक दिसत नाही. हलकी पायडल कयाक मोटारीच्या टपावर नेता येते, मात्र टपाची वजनमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत पाहून, आणि पाण्याखालची पाती काढून ठेवून.

एक नको असलेला प्रवासीही या प्रवासात असतो, तो म्हणजे जलपर्णी. चाकात अडकलेला तिचा लहानसा तुकडा नव्या तळ्यात पडला की त्यापासून हिरवा गालिचा पसरतो. म्हणून एका तळ्यातली बोट दुसऱ्यात उतरवण्यापूर्वी घासून धुवावी, निथळवावी आणि उन्हात चांगली वाळवावी. नंतर ठेवायची मात्र सावलीत, कारण सततच्या उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते.

धक्क्यावरची पाच मिनिटे

हे सगळे वाचून कुणी बोटिंगचा बेत रद्द करू नये. पायडल बोट हा गरीब स्वभावाचा, धूर न काढणारा, आवाज न करणारा आनंद आहे. आजोबा आणि नातू शेजारी बसून एकाच कामाला पाय लावतात, असे प्रसंग घरात आता कितीसे येतात?

फक्त पाण्यात शिरण्याआधी पाच मिनिटे धक्क्यावर उभे राहावे. आसने मोजावीत, पट्टे ओढून पाहावेत, वारा कुठून येतो ते बघावे, बोटीच्या तळात पाणी साचले आहे का ते पाहावे, मदतीची बोट कुठे उभी आहे ते विचारावे. एखादे उत्तर मनासारखे आले नाही, तर तिकीट परत करावे. रांगेतले मागचे लोक कुरकुरतील, मुले तोंड पाडतील, बोटवाला म्हणेल, ‘साहेब, रोज शेकडो लोक जातात.’ ते खरेच असेल. पण त्या शेकडोंचा कप्तान वेगळा होता. तुमच्या बोटीचे कप्तान तुम्ही आहात.